हिरव्या उजेडातलं पांढरं लुगडं

ये वं बेबी, अशी जवळ बस. आधी तो मोबाईल पालथा ठेव. आत्या बोलत असली की त्याच्याकडे डोळा टाकायचा नाही. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे नागपूरच्या ओसरीवर, हे मला कळतं बाप्पा; पण लिहायला घेतलं की समोर कोणीतरी बसलेलं लागतं मला, म्हणून तुला बसवली. आणि थोडं रागवायचंही आहे. दिवाळीला दोन दिवस आलीस. एक संध्याकाळ धरमपेठेत मैत्रिणींकडे गेली, दुसऱ्या संध्याकाळी तुझी गाडी. मधल्या दुपारी मला तेवढा एक व्हिडिओ दाखवलास. काळंकुट्ट जंगल, आणि त्यातून पांढरट बिबट्या सावकाश चाललेला, डोळ्यांच्या जागी दोन काजवे. वरून मला समजावत होतीस, "आत्या, याला नाईट व्हिजन म्हणतात. अंधारातलं दिसतं."

मी म्हटलं, हो का. खाटेवर बसलेला तुझा बापही म्हणाला, हो का. अगं, तुझ्या त्या बापानं हेच यंत्र याच ओसरीवर केलं होतं, तुपाच्या डब्यात! तू जन्मायच्या कितीतरी आधी. आणि त्यातली तार गुंडाळली होती मी. आम्ही बहीणभाऊ एकमेकांकडे बघून गप्प राहिलो, कारण तुला पाच मिनिटांत निघायचं होतं.

आता थंडी पडली आहे. तुरीच्या शेंगा आल्या बाजारात. आज चार किलो... नाही, तेवढ्या कोण खाणार आता, एक किलो घेतल्या आणि मीठ घालून शिजवल्या. शेंगांची ती कोमट वाफ तोंडावर आली आणि मी एकदम त्या हिवाळ्यात जाऊन उभी राहिले. सत्तरनंतरचं कुठलंतरी साल. माझं लग्न व्हायचं होतं. वसंता, म्हणजे तुझा बाप, वीस-एकवीसचा, रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला. अंगणात मायचं लिंबाचं झाड नुकतं खांद्याला लागलेलं. आणि ओसरीच्या आत, खड्ड्याच्या हातमागावर बाबा. पाय खड्ड्यात, कंबरेपासून वर जमिनीबाहेर, आणि आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो आवाज तू ऐकला नाहीस. घरात कोणी बोललं नाही तरी घर बोलत असायचं त्यानं.

सकाळी गल्लीत पाजणी व्हायची. म्हणजे ताण्याचं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्याला खळ लावायची. कोवळ्या उन्हात ते ओलं सूत असं चमके, की वाटे गल्लीतून कोणी नदीच ओढून नेली आहे. सायकलवाले उतरून कडेनं जायचे. मी खळीचा कुंचा फिरवता फिरवता त्याच्यात बघत राहायची आणि माय ओरडायची, "झोपली का वं उभ्या उभ्या?" झोपलेली नसायची. पण जागीही नसायची. त्या वयात थंडीतली सकाळ अशीच असते.

पण त्या हिवाळ्याची गोष्ट संध्याकाळची आहे.

बाबांना रातांधळेपणा होता. दिवसा त्यांच्या नजरेतून काठातला एक चुकलेला धागा सुटायचा नाही. ऊन उतरलं की मात्र त्यांच्यापुढे कोणीतरी घोंगडी धरायचं. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. गाजरं खाऊन झाली, माशाचं तेल झालं. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यातला आतला पडदा वाळत चालला आहे, याला औषध नाही. उन्हाळ्यात चालून जायचं, सातपर्यंत उजेड. हिवाळ्यात साडेपाचलाच बाबा धोटा खाली ठेवायचे. मग ओसरीच्या खांबाला टेकून जे बसायचे ते सकाळपर्यंत. चाळीस वॅटचा बल्ब आमच्यासाठी जळायचा. त्यांना तो कुठे टांगला आहे एवढंच दिसे.

विणलेली लुगडी घेऊन माय दुपारी बाजारात जायची आणि दिवेलागणीला परत यायची. गल्लीच्या तोंडाशी तिच्या जोडव्यांचा आवाज आला की बाबा मान वळवायचे. एकदा मी शेंगा सोलत होते, वसंता तार जोडत बसला होता, आणि बाबा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तुही माय मले दिवसाची दिसते. सांजची कशी दिसते, इसरलो मी."

मी शेंगा सोलत राहिले. वसंताच्या हातातली पक्कड मात्र थांबली. तिथून सगळं सुरू झालं बघ.

वसंताच्या दुकानात जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या एकात एक चित्र त्यानं पूर्वीच पाहून ठेवलं होतं. लढाईतल्या शिपायांची अंधारात बघायची दुर्बीण. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यानं तो लेख आठ दिवसांत वाचला आणि मला समजावला. म्हणाला, "ताई, एक उजेड असा असते का तो आपल्याले दिसत नाही. काचेची एक नळी येते. तिच्या एका तोंडात तो न दिसणारा उजेड पडला, की दुसऱ्या तोंडावर हिरवं चित्र उमटते. बाबांचं हिरव्या चित्राकडे बघणं म्हणजे दिव्याकडे बघणं. ते त्यायले दिसते!"

"आन् ते नळी कुठं भेटते?"

"कामठीले."

कामठीला छावणी. छावणीचं भंगार जिथे येई तिथे एक चाचा बसायचे, पांढरी दाढी, समोर तुटक्या वायरलेसचे डोंगर. वसंता तीन रविवार सायकल मारून गेला. तिसऱ्या रविवारी मीही मागे बसून गेले. मुरब्ब्याच्या बरणीएवढी एक काचेची नळी चाचांनी कापसातून काढली. "मिलिटरी का माल है बेटा. बल्ब जैसा दिखता है, पर जलता नहीं. मेरे को तो कुछ समझ में नहीं आता." वसंता तोंडावर मुद्दाम कंटाळा आणत होता. चाचांचा बंद पडलेला रेडिओ त्यानं तिथल्या तिथे बसून दुरुस्त करून दिला आणि नळी घेतली. येताना मी ती पोटाशी धरून, शालीत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी आणली. खड्डा आला की वसंता ओरडे, "ताई, सांभाळ!" पूर्ण रस्ता दोन्ही बाजूंनी धुकं. त्या धुक्यातून घरी आलो की अजून तिथेच आहोत, हे मला कधी कधी नीट कळत नाही.

घर मग घर राहिलं नाही. तुपाचा रिकामा डबा झाला यंत्राचं अंग. पुढे एका फुटक्या दुर्बिणीचं भिंग, मागे घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग. स्कूटरचा हेडलाईट आणला आणि त्यावर गणपतीच्या आराशीतले जिलेटीनचे कागद चढवले. लाल, त्यावर निळा, त्यावर हिरवा, पुन्हा लाल. चढवत चढवत गेलो तर दिवा पेटलेला असून काळा दिसायला लागला. मी म्हटलं, "विझला." वसंता म्हणाला, "विझला नाही. आपल्याले दिसून नाही राहिला फक्त." मी काचेशी तळहात नेला. ऊब लागत होती. अंधाराची ऊब मी तेव्हा पहिल्यांदा हातावर घेतली.

राहिली वीज. त्या नळीला टॉर्चच्या सेलवर हजारो व्होल्ट पाहिजे होते, आणि त्यासाठी केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. दुकानात वेढे घालायचं यंत्र नव्हतं. वसंता डोकं धरून बसला. मी म्हटलं, "अरे, आपल्या घरी चरखा कशाले हाये?"

ज्या चरख्यावर मी लहानपणापासून धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत आले, त्याच्यावर मी ती तार भरली बेबी. शंभर वेढे झाले की वाटीत एक चिंचोका. दुपारच्या उन्हात बसायची, डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची, उजव्या हातानं चाक. तांब्याच्या त्या तारेवर ऊन असं पळायचं की डोळ्यांपुढे सोनेरी रेघच उरायची. आत बाबांचा माग, बाहेर माझा चरखा. बाबा आतून विचारायचे, "किती चिंचोके झाले वं?" मी सांगायची. ते म्हणायचे, "लग्नातल्या शालूलेही एवढा ताणा लागत नाही."

चार दिवसांत कांडी भरली. वसंतानं जोडणी केली, उघड्या तारांवर मेण ओतलं, आम्हाला दूर उभं केलं. "हात लावान तर भिंतीवर जाऊन चिपकान!" बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मेणाचा वास तेवढा सुटला.

आठ दिवस तो शोधत होता. सेल बदलले, जोड बदलले, रात्री जेवण टाकून बसायचा. बाबांना त्याचा सुस्कारा ऐकू यायचा. एकदा म्हणाले, "राहू दे गा वसंता. पंधरा वर्षं नाही पाहिलं, आता काही अडलं नाही." वसंताचे कान लाल झाले. त्याला राहू द्यायचं नव्हतं. मला तर वाटतं, त्याचं बाबांपेक्षा जास्त अडलं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी, उजेड गेल्यावर, बाबांनी हात पुढे केला. "ते कांडी दे इकडे." वसंता म्हणाला, "बाबा, तुमाले दिसते कुठं?" "मले पाहायचं नाही. आण." त्यांनी तारेचं टोक धरलं आणि दोन बोटांतून उलगडायला सुरुवात केली. मी दुसऱ्या कांडीवर भरत गेले, ते सोडत गेले. अंधारात बसलेला माणूस आणि त्याच्या बोटांतून सरकणारी ती तार. कितीतरी वेळ गेला. बल्ब असूनही मायनं कंदील विनाकारणच आणून ठेवला. आणि एकदम बाबांची बोटं थांबली.

"इथं गाठ हाये."

मला आठवलं! अगं, भरताना एका दुपारी तार तुटली होती. माझ्या हातानं आपोआप गाठ मारली होती. आपली विणकराची गाठ, मोहरीच्या दाण्याहून लहान, सुतात मारली तर काठावरही दिसत नाही. मनाशी खूशही झाले होते की किती सुबक बसली. आणि पुढे भरत गेले.

वसंतानं कपाळाला हात लावला. "ताई! अवं, त्या तारेले वरून लाखेची कातडी असते! ते खरवडल्याबिगर करंट जाईन कसा? तार म्हणजे सूत हाये का?"

"मले काय माहीत! आपल्या घरी तुटलं का गाठ मारतात."

बाबा मात्र हसत होते. गाठ चिमटीत धरून म्हणाले, "गाठ पण मस्त बसली हाये हो. पोरगी शिकली." मग वसंतानं ती गाठ कापली, टोकं खरवडली, पीळ देऊन सोल्डर केली, आणि मी पुन्हा चिंचोके मोजायला बसले.

ज्या संध्याकाळी ते चाललं, ती मला या खोलीत आत्ता दिसते आहे. डब्यातून मधमाशीसारखा आवाज निघाला. वसंतानं आधी स्वतः डोळा लावला आणि "आई गं" एवढंच म्हणाला. मग मी लावला. बेबी, ते जग! आपलंच अंगण, पण पाण्याखाली गेलेलं. सगळीकडे हिरवा थंड उजेड. लिंबाचं झाड पांढरं, पानन् पान पांढरं, जसा सगळा कापूस फुटला आहे. खांब, खाट, रांजण, प्रत्येक वस्तू जागेवर आणि तरीही स्वप्नातली. डोळा काढला की काळोख, लावला की ते गाव. मला परत द्यावंसंच वाटेना.

"बाबाले दे वं!" वसंता ओढायला लागला.

बाबांनी डबा दोन्ही हातांत घेतला. अंगणभर सावकाश फिरवला. मग हळू म्हणाले, "रांजण दिसला." मग, "वसंता, तू खूपच वाळला गा." आम्ही हसलो, आणि वसंतानं तिकडे तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात गल्लीत जोडवी वाजली. आम्ही ठरवूनच ठेवलं होतं, यंत्र चाललं तरी मायला आधी सांगायचं नाही. ती फाटकातून आत आली, डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि लिंबाजवळ उभी राहून पदर सारखा केला. वसंतानं काळा दिवा तिच्यावर धरला. बाबांनी डबा तिच्याकडे वळवला.

मधमाशी गुणगुणत राहिली. बाबांनी डबा खाली घेतला आणि माझ्या हातात दिला.

"काय झालं? दिसली का नाही?" वसंता.

"दिसली."

एवढंच. उठून, भिंत चाचपत, आत गेले. त्यानंतर चार दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही. माग चालवायचे, साडेपाचला धोटा ठेवायचे, पाठ फिरवून बसायचे. वसंतानं विचारलं की म्हणायचे, "डोळा दुखते." वसंता पार खचला. मला म्हणाला, "ताई, त्यायले काहीच दिसलं नसन. माह्यं मन राखाले म्हणून राहिले दिसली."

मायनंच शेवटी काढून घेतलं त्यांच्याकडून. शेगडीभोवती बसलो होतो. संत्र्याच्या साली निखाऱ्यावर तडतडत होत्या, घरभर तो कडवट गोड वास. माय म्हणाली, "अवो, मले पाहून तोंड फिरवलं तुमी. मी काय एवढी वंगाळ दिसते का सांजची?"

बाबा साली ढकलत राहिले. मग म्हणाले, "तू त्या दिवशी पांढरं लुगडं काहून नेसली होती?"

"पांढरं? माह्याजवळ पांढरं हाये तरी कुठं?" ती बाटलीच्या रंगाचं गडद हिरवं, लाल काठाचं नेसली होती. बाबांनीच विणलेलं. "आन् कुंकू?" बाबांनी विचारलं. "कपाळ मोकळं होतं तुहं."

निखारे तेवढे तडतडले.

वसंता धावत जाऊन डबा घेऊन आला. मायला उभी केली, दिवा धरला आणि बघितलं. त्याच्या लक्षात आलं. तो न दिसणारा उजेड रंग ओळखत नाही. झाडाची पानं पांढरी झाली तसं कापडावरचा रंगही त्याला दिसत नाही. हिरवं, काळं, सगळं पांढरं. कुंकू तर कपाळासारखंच होऊन जातं, पुसल्यासारखं. त्यानं ते सांगितलं आणि डबा बाजूला सारला. बाबांना माय दाखवायची म्हणून एवढं केलं, आणि दाखवली ती अशी.

आणि माय हसायला लागली! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढंच होय! मले वाटलं मी म्हातारी दिसली. तुमी तर स्वतःचं मरण पाहून आले आन् चार दिवस गुमान बसले? मले सांगायचं ना, मी जरा रडून घेतलं असतं!"

बाबाही हसले मग. उशिरा, पण हसले. आणि डबा हातात घेऊन त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं, खूप वेळ, खालीवर. डबा न काढताच म्हणाले, "ऐक. मी गेल्यावर पांढरं नेसू नको. मी पाहून घेतलं. तुले शोभत नाही."

"काहीही बोलता."

"नेसू नको म्हटलं ना."

तो सगळा हिवाळा मग बाबा संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत एकटे जायचे. एका हातात डबा, दुसऱ्यात दिवा, खांद्याला सेलची पिशवी. माय दिसली की परत तिच्या बरोबर यायचे. गल्लीतल्या बाया दारातून म्हणायच्या, "पाहा वं, डब्यातून बायको पाहून राहिले!" माय लाजून पुढे पुढे चालायची, आणि बाबा मागून म्हणायचे, "हळू चाल, डब्यात मावून नाही राहिली तू." मी ओसरीवरून बघायची. मला दिसायच्या अंधारात दोन सावल्या. त्यांना काय दिसायचं, ते मी एकदाच बघितलं होतं, पण तेवढं पुरलं मला. ते अजून सरलेलं नाही.

पावसाळ्याच्या ओलीनं यंत्र बिघडलं. एका संध्याकाळी आतून ठिणगी उडाली आणि हिरवं गाव कायमचं मावळलं. दुसरी नळी चाचांकडे पुन्हा आली नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे, पाहून झालं माह्यं." ते पुढे अकरा वर्षं होते. गेले त्यानंतर तिसऱ्या दिवशी बायांनी मायपुढे पांढरं पातळ आणून ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं, पेटी उघडली आणि तेच बाटलीच्या रंगाचं, लाल काठाचं नेसली. बाया कुजबुजल्या. माय म्हणाली, "पांढऱ्यात त्यायनं मले एकदा पाहिलं. पुन्हा नाही पाहायचं म्हणत होते." कोणाला काही कळलं नाही. मी आणि वसंता तेवढे एकमेकांकडे बघत राहिलो.

आता तुला का सांगते हे सगळं? ऐक. आज पाच वाजता तुझा बाप शेंगा सोलत बसला होता. ऊन लिंबावरून उतरलं. मी बल्ब लावला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, लाईट लावतं का?" मी म्हटलं, लावते. आणि उठून बटणाचा नुसता आवाज केला. तो म्हणाला, "हां, आता बरं." त्यालाही कळलं, मलाही कळलं. दोन वर्षं झाली याला. संध्याकाळी तो भिंतीच्या कडेनं चालतो, अगदी बाबांसारखा, डाव्या हाताची बोटं भिंतीला लावून. तुला फोनवर सांगतो, सगळं ठीक आहे. तू दोन्ही संध्याकाळी घरात नव्हतीस, नाहीतर तुला दिसलं असतं. दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. डॉक्टरनं तेच सांगितलं, शब्दही बदलले नाहीत. तूही एकदा डोळे दाखवून घे, एवढं ऐक माझं.

घाबरवायला सांगत नाही. दिवसा त्याला अजून सगळं दिसतं. पण परवा तो म्हणाला, "बेबी आली होती, पण संध्याकाळची ती आता कशी दिसते, कोणाले माहीत." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली बघ.

म्हणून म्हणते, ये. सुट्टी काढून ये, आणि यावेळी संध्याकाळ घरी काढ. तो बिबट्यावाला कॅमेरा कोणाचा असेल त्याच्याकडून मागून आण. वसंता स्वतः मागणार नाही, त्याला मी ओळखते. मायचं ते लुगडं माझ्या पेटीत आहे, लाल काठ अजून पक्का आहे. ते मी तुला नेसवीन, कुंकू लावीन, आणि लिंबाखाली उभी करीन. तुझा बाप कॅमेऱ्यातून बघेल आणि तू पांढरी दिसशील. दचकू नकोस. आम्ही दोघं म्हातारे हसायला लागलो तर रागावू नकोस. तो आधी म्हणेल, लिंब दिसला. मग म्हणेल, बेबी, तू खूपच वाळली वं.

शेंगा आहेत तोवर ये.